आतड्याची झोप

"वारा सरला का, मुळीक?" डॉक्टर मगदूमांनी विचारलं आणि मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. दवाखान्याची मागची भिंत, दोरीवर वाळत घातलेल्या हिरव्या चादरी आणि पाण्याच्या टाकीखाली बसलेलं एक कुत्रं. पण सासऱ्याला असला प्रश्न विचारला जात असताना सुनेनं बघायचं तरी कुठे? मी थर्मास उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. थर्मासात काही नव्हतंच, कारण मामांना पाण्याचा थेंबही बंद होता.

"नाही ना?" डॉक्टर म्हणाले. "मग अजून पाणी नाही. वारा सरला की लगेच सांगायचं. लाजायचं नाही."

लाजायचं नाही म्हणे! बोलणाऱ्याचं काय जातं!

हणमंतराव मुळीक म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायची, म्हणजे मनातल्या मनात म्हणायची. तोंडाने हाक मारायची वेळ तोवर आलीच नव्हती. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासूबाई मी यायच्या आधीच वारल्या होत्या, नवरा गुवाहाटीला होता आणि तिथे खोली मिळाली की मला नेणार होता. तोवर विट्याजवळच्या त्या घरात आम्ही दोघंच. शेजारी चुलतसासूबाई होत्या म्हणून लोकांची तोंडं बंद, एवढंच.

आमच्याकडचे पुरुष सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेले असतात. त्याला गलाई म्हणतात. मामांनी सगळी हयात गुवाहाटीच्या एका बोळात भट्टीपुढे आणि तेजाबाच्या वाफेत काढली, छाती खराब करून घेतली आणि दुकान मुलाच्या हवाली करून गावी येऊन बसले. माणूस शब्दाचा पक्का. एकदा बोलला की बोलला.

माझ्याशी मात्र ते बोलत नसत. ते तुळईशी बोलत. "च्या झालाय का न्हाई कुणास ठावं," असं वर बघून म्हणायचे आणि मी चहा ठेवायची. मी स्वयंपाकघरात ताटाचा आवाज केला की त्यांनी समजायचं, जेवण वाढलं. ह्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. हाच मान होता आणि तो आम्ही दोघांनीही काटेकोर पाळला. लोक कौतुकाने म्हणायचे, सून असावी तर अशी, घरात आहे की नाही कळत नाही.

तर अशा मामांचं पोट एका दुपारी दुखायला लागलं. संध्याकाळपर्यंत ते ढोलासारखं फुगलं. चुलतदीर तानाजीभाऊजींनी जीप काढली आणि आम्ही सांगली गाठली. डॉक्टर मगदूमांनी पोटाचा फोटो बघितला आणि म्हणाले, आतड्याला पीळ पडलाय, पिळातला तुकडा काळा पडला असणार, आत्ताच्या आत्ता उघडायला हवं. ऑपरेशन फार वेळ चाललं. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "खराब भाग काढला. दोन टोकं जोडलीत. जोड धरला की सुटलो."

तानाजीभाऊजींच्या घरी आई अंथरुणाला खिळलेली, ते दुसऱ्या दिवशी परतले. नवऱ्याला फोन लागला, तो गाडीत बसला; पण गुवाहाटी म्हणजे काय शेजारचा गाव आहे? गाडी अर्धा देश तुडवत येणार. राहिले मी आणि मामा. खोली दोन खाटांची होती, दुसरी खाट रिकामी.

आणि मग तो प्रश्न सुरू झाला. मामांच्या नाकात नळी, हाताला सलाइन, आणि जो येईल तो विचारतोय, वारा सरला का? डॉक्टर विचारायचे, सिस्टर विचारायच्या, फरशी पुसणाऱ्या मावशी बादली टेकवून विचारायच्या. पोटाच्या ऑपरेशननंतर आतडं चालू झालं की नाही हे त्यावरून कळतं, हे मला सिस्टरनी सांगितलं होतं. कळलं होतं मला. पण कळणं वेगळं आणि सासऱ्यासमोर उभं राहून ऐकणं वेगळं. दर वेळी मी खिडकीकडे वळायची आणि मामा आढ्याकडे बघायचे.

बाकी मामांनी कसला म्हणजे कसलाच त्रास दिला नाही. एवढं पोट चिरलेलं, पण तोंडातून हूं की चूं नाही. दुखायला लागलं की सिस्टरकडे बघून दंडावर बोट ठेवायचे, म्हणजे सुई द्या. सुई दिली की डोळे मिटून पडायचे. सिस्टर म्हणायच्या, "तुमचे सासरे किती सोशिक हो!" मला अभिमान वाटायचा.

एका सकाळी डॉक्टरांनी विचारलं, मी थर्मास उचलला, आणि मागून मामांचा आवाज आला, "व्हय."

"गेला? नक्की?"

"व्हय म्हनलं न्हवं."

"शाब्बास!" डॉक्टर म्हणाले. नळी निघाली. घोट घोट पाणी झालं, मग शहाळं, मग भाताची पेज. मी दवाखान्यासमोरच्या गणपतीला जाऊन नारळ फोडून आले. गावी फोन करून निरोप ठेवला, मामा जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना उचकी लागली. आधी मला वाटलं, कुणीतरी आठवण काढतंय. मुलगा गाडीत आहे, तोच काढत असेल. मग उचकी थांबेना. मग मी चादर सरळ करायला गेले आणि बघितलं, तर पोट पुन्हा वर आलेलं. टाके ताणलेले, कातडी चकचकीत. मी सिस्टरला बोलवायला वळले तेवढ्यात मामांनी ओकारी काढली. हिरवं, काळपट, वासाचं पाणी. ते थांबेना. गादी भिजली, माझे हात भिजले, आणि मामा माझ्याकडे न बघता चादरीच्या टोकाने तोंड झाकायला बघत होते.

मी घाबरले. नुसती घाबरले म्हणणं कमी आहे. त्यांचं नाक टोकदार दिसायला लागलं होतं, आणि माझी आजी गेली तेव्हा तिचं नाक तसंच दिसत होतं.

सगळे धावले. पुन्हा नळी घातली, पिशवी बघता बघता भरली. फोटो काढला. डॉक्टर मगदूम फोटो उजेडात धरून बघत राहिले. मग त्यांनी भुलीच्या डॉक्टरांना बोलावलं. पटवेगार मॅडम. ऑपरेशनला ह्यांनीच भूल दिली होती. बुटक्या, चष्मेवाल्या, बोलायला रोखठोक बाई. दोघं खोलीबाहेरच्या बोळात उभे राहिले आणि मला बोलावलं.

"मुलगा कधी पोचतोय?" मगदूमांनी विचारलं.

"परवा. गाडीत हाईत."

"परवापर्यंत थांबता येणार नाही. हे बघा, यांचा वारा सरला होता. म्हणजे आतडं चालू झालं होतं. चालू झालेलं आतडं आता बंद पडलंय. त्याचा अर्थ बहुतेक एकच, जोड सुटलाय किंवा पुन्हा अडकलंय. उघडून बघावं लागेल. आजच."

"पुन्हा फाडायचं?"

"हो. तुमची सही लागेल."

मी मॅडमकडे बघितलं. का बघितलं माहीत नाही, बाई होत्या म्हणून असेल.

"मी तुम्हाला खोटं सांगणार नाही," मॅडम म्हणाल्या. "त्यांची छाती खराब आहे. पहिल्या वेळेलाच भुलीतून बाहेर काढताना माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. आता त्याहून अशक्त झालेत. दुसऱ्यांदा भूल दिली तर ते टेबलावरून परत येतील असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही."

"आन् न्हाई फाडलं तर?"

"जोड सुटला असेल आणि नाही उघडलं, तर दोन दिवसांत सगळ्या अंगात विष पसरेल," मगदूम म्हणाले.

म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि काठावर मी. मला आठवतंय, मला त्या वेळी आधी मामांचं नाही, माझंच वाटलं. सही केली आणि ते गेले तर आयुष्यभर गाव म्हणेल, पोरगा यायच्या आत सुनेनं सही करून म्हाताऱ्याला पोचवला. आणि सही केली नाही आणि गेले तर म्हणेल, सुनेला सही करायला काय झालं होतं?

मॅडम मगदूमांना म्हणाल्या, "सर, एक गोष्ट मला पटत नाही. ताप नाही. पोट फुगलंय, पण कडक नाही. मला हे झोपलेलं आतडं वाटतंय."

"पण वारा सरला होता ना?"

"तेच. तो खरंच सरला होता का?"

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि समजावून सांगायला लागल्या. "भूल नुसती माणसाला येत नाही, बाई. आतड्यालाही येते. माणूस टेबलावरच जागा होतो, आतडं कितीतरी उशिरा. त्यात यांचं ऑपरेशन लांबलं, औषधं खूप लागली. आणि नंतर दुखू नये म्हणून जी सुई देतात ती अफूच्या कुळातली. ती दुखणं मारते आणि आतड्याला पुन्हा झोपवते. यांनी ती फार मागितलीय. तेव्हा आतडं अजून जागंच झालं नसेल, तर थांबता येईल. पण ते जागं होऊन पुन्हा बंद पडलं असेल, तर सर म्हणतात तेच खरं, उघडायला हवं."

"म्हंजे सगळं त्यावरच?"

"बरंचसं त्यावरच. मी त्यांना आत्ता विचारलं, तुम्हाला बाहेर पाठवून. म्हणाले, 'एकदा सांगितलंय.' वॉर्डबॉयला विचारायला सांगितलं, त्यालाही तेच. आता त्यांचं खरं मानू की नको?"

मामांचं खरं मानू की नको! सगळ्या गुवाहाटीने ज्याच्या शब्दावर सोनं सोडलं त्या माणसाचं. पण मला खिडकी आठवली, थर्मास आठवला. मी म्हणाले, "मी इचारते."

"तुम्हाला सांगतील?"

"न्हाई सांगायचे. पर इचारते."

मी खोलीत गेले. मामा भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडले होते. नाकातल्या नळीतून हिरवं पाणी ठिबकत होतं. उचकीने सगळं अंग हलत होतं.

"मामा," मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने.

ते हलले नाहीत.

"मामा, डॉक्टर पुन्हा पोट फाडायचं म्हनत्यात. सही माझी मागत्यात."

मामा भिंतीला म्हणाले, "करा म्हनावं."

काय झालं मला कुणास ठाऊक. भीतीचा राग होतो तसं काहीतरी झालं. मरायला टेकलाय हा माणूस आणि अजून भिंतीशीच बोलतोय! खाट आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम हातभर जागा होती. त्या सापटीत मी अंग चोरून घुसले. सलाइनची नळी वर धरली, तिच्याखालून वाकून गेले. डोक्यावरचा पदर खाटेच्या दांडीला अडकला आणि मागेच राहिला. आता मामांच्या तोंडासमोर भिंत नव्हती, मी होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"डोळं उघडा," मी म्हणाले. "माझ्याकडं बघा आन् खरं सांगा. तुम्ही पादलासा का न्हाई?"

तो शब्द मी नवऱ्यासमोरसुद्धा कधी उच्चारला नव्हता. लहानपणी आईने त्या शब्दासाठी माझ्या थोबाडीत दिली होती. मामांनी डोळे उघडले. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला तेव्हा कळलं. मला वाटलं, हात उगारतील. हात उचलायची ताकद त्यांच्यात नव्हती म्हणून मी वाचले.

"सांगा, मामा. त्यावर तुमचा जीव हाय. पादलासा का?"

त्यांचे ओठ सुकून फाटले होते. ते हलले.

"न्हाई."

"एकदा बी न्हाई?"

"एकदा बी न्हाई."

मी भिंतीला टेकले. "मग व्हय कशाला म्हनलासा?"

मामा थांबून थांबून बोलले. उचकी मध्ये मध्ये तोडत होती. "रोज त्यो डागदर इचारायचा. रोज तुम्ही तोंड फिरवायचा, थर्मास उचलायचा, ठेवायचा. दुसऱ्याच्या लेकीला किती अवघड करायचं मानसानं? म्हनलं, एकदा व्हय म्हनलं की इचारायचा बंद हुईल."

"आन् मघाशी मॅडम इचारत हुत्या तवा तर मी बाहीर हुते की!"

"आता फिरवायचं कसं? तुमास्नी कळलं असतं, सासरा खोटं बोलला."

मला हसावं की रडावं कळेना. रडायचं नव्हतं. रडले असते तर त्यांनी पुन्हा डोळे मिटले असते. मी तशीच सापटीतून बाहेर आले आणि बोळात जाऊन एवढंच म्हणाले, "सरला न्हवता. एकदा बी न्हाई. ते खोटं बोलले."

मगदूम वैतागले. "अहो, हा काय खेळ आहे का?" पण ते मॅडमशी बोलत पुढे गेले, परत आले, पुन्हा फोटो बघितला. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. दिवेलागणीला मी येतो. तोवर पोट मोकळं व्हायला लागलं तर ठीक. नाही झालं किंवा ताप चढला, तर मी थांबणार नाही. थिएटर तयार ठेवतोय. सही करून ठेवा."

मी सही केली. अक्षर असं आलं की माझं मलाच वाचता येईना.

मॅडम खोलीत आल्या. "मुळीक, आता ती सुई बंद. साधं दुखण्याचं औषध सलाइनमधून देतो, पण ते एवढं लागू पडणार नाही. दुखेल. आणि उठून चालायचं. चाललात तर आतडं जागं होतं."

मामांनी पहिल्यांदाच विनवणीच्या सुरात विचारलं, "सुई अजाबात न्हाई?"

"अजिबात नाही. कण्हा खुशाल."

मामा हळूच म्हणाले, "मग ह्यास्नी बाहीर बसवा."

"का?"

मॅडमनी चष्मा काढला आणि त्यांच्याकडे बघितलं. "म्हणून सुई मागत होता? सुनेसमोर कण्हायला नको म्हणून?"

मामा आढ्याकडे बघत राहिले. माझा सोशिक सासरा! ह्या माणसाने मला कण्हणं ऐकू येऊ नये म्हणून आपलं आतडं झोपवलं होतं, आणि मला लाज वाटू नये म्हणून झोपलेल्या आतड्यात पेज ओतून घेतली होती. आणि मी नारळ फोडून आले होते.

"मी कुटं जानार न्हाई," मी म्हणाले. "उठा."

मामांचा एक हात मी माझ्या खांद्यावर घेतला, दुसऱ्या हाताने सलाइनचा खांब ढकलत नेला. पहिल्या पावलाला त्यांच्या तोंडून आवाज निघाला तो मी जन्मात विसरणार नाही. "आई गं! मेलो!" बोळातल्या माणसांनी वळून बघितलं. ते माझ्या खांद्यावर असा भार देत होते की माझे गुडघे वाकत होते. दारापर्यंत जायचं आणि परत. थोडं बसायचं आणि पुन्हा. मध्येच त्यांना घाम फुटायचा, ओठ पांढरे पडायचे, आणि मला वाटायचं, झालं, आता माझ्या खांद्यावरच जातात.

सगळ्यात भयंकर काय होतं सांगू? आम्ही बरोबर करतोय हे कुणालाच माहीत नव्हतं. जोड खरंच सुटला असेल तर? तर मी प्रत्येक पावलाला त्यांचं मरण जवळ आणत होते. डॉक्टर उघडायला तयार होता आणि मी मध्ये पडून थांबवलं. माझ्या शब्दावर. मी कोण? बारावी पास मुलगी. सारखी त्यांच्या कपाळाला हात लावून बघत होते, ताप आहे का. ज्यांच्यासमोर कधी उभी राहिले नव्हते त्यांच्या कपाळाला. माझे हात इतके गार पडले होते की त्यांचं कपाळ दर वेळी गरमच लागायचं आणि मी सिस्टरकडे धावायची. त्या काचेची नळी झटकून लावायच्या आणि म्हणायच्या, "नाहीये हो ताप. तुम्ही बसा जरा."

दुपार उलटली. काही नाही. पोट तसंच. मामा आता कण्हताना शब्दही वापरायला लागले होते. भुलीच्या डॉक्टरणीला, मगदूमांना, गुवाहाटीच्या गाडीला, सगळ्यांना शिव्या. अशा शिव्या मी त्यांच्या तोंडून कधी ऐकल्या नव्हत्या.

"मला टेकू द्या," ते म्हणाले. "आता न्हाई जमत. बास."

"एक डाव. दारापातुर."

"मारून टाकता व्हय मला?"

"व्हय. उठा."

आम्ही दारापर्यंत गेलो. खिडकीबाहेर चादरी काढायला कुणी आलं होतं, उन्हं उतरली होती. माझ्या मनात आलं, आता दिवे लागतील. थिएटरकडून ढकलगाडीच्या चाकांचा आवाज येत होता, ती आमच्यासाठीच आहे असं मी धरून चालले. मी मामांना वळवलं. खाटेशी आलो. ते टेकायला वाकले आणि मध्येच थांबले. माझा खांदा त्यांनी इतका घट्ट धरला की मला ओरडावंसं वाटलं.

"काय झालं? दुखतंय?"

त्यांचे डोळे विस्फारलेले, श्वास धरलेला. मला वाटलं, आत काहीतरी फुटलं. हेच ते. सुटला जोड. आई जगदंबे!

आणि मग ते झालं. आधी बारीक, अडखळत. मग लांब, मोठ्याने, मोकळं. नंतर आणखी एकदा.

आम्ही दोघंही तसेच उभे होतो. मामा आढ्याकडे बघत नव्हते आणि मी खिडकीकडे वळले नव्हते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ऐकू आलं?"

"आलं," मी म्हणाले.

मी सिस्टरकडे पळत गेले. "झालं, झालं" एवढंच मला बोलता येत होतं. पण बातमी डॉक्टरांपर्यंत पोचायच्या आत डॉक्टर मगदूमच आत आले, मागे मॅडम आणि ढकलगाडी घेऊन दोन माणसं. मगदूमांच्या डोक्यावर ऑपरेशनची टोपी होती.

"सिस्टर सांगतायत, वारा सरला म्हणून," ते म्हणाले. आवाजात विश्वास नव्हता. ते खाटेशी उभे राहिले. "मुळीक, मागेही तुम्ही हो म्हणाला होता. आता ऑपरेशनच्या भीतीने पुन्हा हो म्हणत असाल तर मी तुम्हाला वाचवू शकणार नाही. शेवटचं विचारतो. सरला का?"

मामा दमले होते. त्यांनी मान हलवली नाही. बोला की! आता कसली लाज?

"मला नगा इचारू," मामा म्हणाले. "माझ्या बोलन्यावर तुम्ही एकदा पेज पाजलीसा. माझं काय खरं न्हाई." आणि सगळ्यांसमोर त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यास्नी इचारा. ह्या सांगतील ते खरं."

सगळे माझ्याकडे वळले. मगदूम, मॅडम, सिस्टर, ती दोन माणसं.

"सरला, डॉक्टर," मी म्हणाले. "माझ्यासमोर. दोन डाव. म्या ऐकला."

मगदूमांनी कानाला नळी लावली, पोटावर टेकवली, डोळे मिटले. इकडे ठेवली, तिकडे ठेवली. मी खाटेची दांडी धरून उभी होते.

"वाजतंय," ते म्हणाले आणि टोपी काढली. "जागं झालंय. थिएटरला सांगा, आज नको. नळी राहू दे. पाणी मी सांगेन तेव्हाच."

मॅडम जाता जाता माझ्या पाठीवर थाप मारून गेल्या. ढकलगाडी रिकामी परत गेली. सिस्टर गेल्या. दार लोटलं गेलं. मी अजून दांडी धरूनच उभी होते. ती सोडली तर खाली बसेन असं वाटत होतं. सकाळपासून घशाशी आलेलं सगळं मी दातांखाली दाबून धरलं होतं आणि आता ते धरवत नव्हतं, पण सासऱ्यासमोर रडायचं तरी कसं?

मामा माझ्याकडे बघत होते.

"रड आता जरा," ते म्हणाले. "मी डोळं मिटतो."